३६ बाय १२ चं लंबवर्तुळ: कारंज्यातली पोथी आणि कापलेला शंकू

(ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचायला सोपं जातं त्यांच्यासाठी हा भाग लेखी. बोललो तसंच ठेवलंय, फक्त आकडे डोळ्यांसमोर असावेत म्हणून जरा नीट मांडलेत.)

आजचा भाग गणिताच्या इतिहासाचा आहे. लगेच पुढे ढकलू नका. दहावीला गणितानं छळलं असेल तरी चालेल. आज लागणार आहे फक्त एक गाजर, एक टॉर्च आणि मोबाइलमधलं कॅल्क्युलेटर.

आधी एक उदाहरण देतो. एक लांबट गोल आहे, लंबवर्तुळ म्हणा. त्याची लांबी ३६ आणि रुंदी १२. त्याचा परीघ किती आणि क्षेत्रफळ किती?

हे उदाहरण माझं नाही. ते साधारण साडेअकराशे वर्षांपूर्वीचं आहे. संस्कृतात, श्लोकात घातलेलं. ग्रंथाचं नाव 'गणितसारसंग्रह', लिहिणारे महावीराचार्य. आणि या ग्रंथाची हस्तलिखितं ज्या मोजक्या ठिकाणी टिकली, त्यात आपलं कारंजा लाड आहे. वाशिम जिल्ह्यातलं, समृद्धी महामार्गावरून जाताना ज्याच्या नावाची पाटी दिसते ते.

कारंज्यात पोथ्या कशा?

बाहेरच्या लोकांना कारंजा माहीत असतं ते नृसिंहसरस्वती स्वामींचं जन्मस्थान म्हणून. गुरुमंदिरात दर्शन घ्यायचं, प्रसाद घ्यायचा आणि गाडी पुढे. पण याच गावात दिगंबर जैन परंपरेच्या तीन शाखांची पीठं होती: सेनगण, बलात्कारगण आणि काष्ठासंघ. या पीठांच्या प्रमुखांना भट्टारक म्हणत. भट्टारकांकडे मंदिर असायचं, आणि मंदिरात शास्त्रभांडार, म्हणजे पोथ्यांचा साठा. व्यापारी गाव, पैसा होता, आणि पोथीची नक्कल करवून मंदिराला देणं हे पुण्याचं काम मानलं जायचं. त्यामुळे शतकानुशतकं इथे पोथ्या जमत गेल्या.

नुसत्या धर्माच्याच नाहीत बरं का. कथा, व्याकरण, ज्योतिष, वैद्यक, गणित, सगळं.

बाहेरच्या जगाला हे कळलं विसाव्या शतकात. त्यात हिरालाल नावाची दोन माणसं महत्त्वाची. एक, रायबहादूर हिरालाल. त्यांनी मध्यप्रांत आणि वऱ्हाडातल्या संस्कृत-प्राकृत हस्तलिखितांची मोठी यादी केली, ती १९२६ साली नागपूरहून छापली गेली. त्यात कारंज्याच्या भांडारांचा मोठा वाटा आहे. दुसरे, प्राध्यापक हिरालाल जैन, अमरावतीच्या किंग एडवर्ड कॉलेजात शिकवणारे. त्यांनी कारंज्याच्या पोथ्यांवरून अपभ्रंश भाषेतले ग्रंथ संपादित केले. मराठीच्या आधीची भाषा कशी होती हे समजून घ्यायला आज जे ग्रंथ वापरतात, त्यातले कितीतरी कारंज्याच्या कपाटांतून बाहेर आलेत.

आणि त्याच कपाटांत आपलं लंबवर्तुळ होतं.

महावीराचार्य कोण?

इथे एक घोळ होतो तो आधीच मिटवू. हे तीर्थंकर भगवान महावीर नव्हेत. ते कितीतरी आधीचे. हे गणिती महावीराचार्य, काळ साधारण इ.स. ८५०. ग्रंथाच्या सुरुवातीला त्यांनी राष्ट्रकूट राजा अमोघवर्ष याची स्तुती केली आहे. अमोघवर्षाची राजधानी मान्यखेट, म्हणजे आजच्या कर्नाटकातलं मळखेड. त्याच्या सत्तेखाली कर्नाटकाबरोबर आजच्या महाराष्ट्राचा मोठा भागही होता. वेरूळचं कैलास मंदिर ज्या घराण्यानं कोरवलं ना, तेच हे घराणं.

महावीराचार्य साधे गणिती नव्हते. दहा वस्तूंतून तीन निवडायच्या तर किती प्रकारे निवडता येतील, हे आपण अकरावी-बारावीत शिकतो. त्याचा सर्वसाधारण नियम त्यांनी दिलाय. ऋण संख्येला वर्गमूळ नसतं, हेही स्पष्ट सांगितलंय. त्या काळी गणित बहुतेकदा खगोलाच्या ग्रंथात एखाद-दुसऱ्या अध्यायात यायचं. त्यांनी अख्खा ग्रंथच गणितावर लिहिला.

त्यातला भूमितीचा भाग वाचायला मजा येते. आकारांची नावं रोजच्या वस्तूंवरून घेतलेली. जवाच्या दाण्यासारखा आकार. मृदंगासारखा. शंखासारखा. वज्रासारखा, म्हणजे मध्ये बारीक आणि दोन्ही टोकांना रुंद. आणि एक 'आयतवृत्त', म्हणजे लांबवलेलं वर्तुळ. ब्रह्मगुप्तांच्या किंवा नंतरच्या भास्कराचार्यांच्या 'लीलावती'त लंबवर्तुळाचं क्षेत्रफळ काढायचा नियम मिळत नाही. महावीराचार्यांनी तो द्यायचं धाडस केलं.

आता हिशेब करू

ते प्रत्येक गोष्टीचे दोन हिशेब देतात. एक 'व्यावहारिक', म्हणजे बाजारात पटकन लागणारा. दुसरा 'सूक्ष्म'.

व्यावहारिक परीघ: लांबीत रुंदीचा अर्धा भाग मिळवा आणि दुप्पट करा. ३६ अधिक ६ म्हणजे ४२, दुप्पट ८४.

सूक्ष्म परीघ: रुंदीच्या वर्गाची ६ पट, अधिक लांबीच्या दुपटीचा वर्ग, मग वर्गमूळ. १२ चा वर्ग १४४, त्याची ६ पट ८६४. ३६ ची दुप्पट ७२, तिचा वर्ग ५१८४. बेरीज ६०४८. वर्गमूळ साधारण ७७.८.

आज आपण काढलेलं खरं उत्तर? साधारण ८०.२. म्हणजे फक्त ३ टक्क्यांचा फरक! आणि एक गंमत सांगतो. लंबवर्तुळाच्या परिघाचं साधं, अचूक सूत्र आजही नाहीये. रामानुजन यांनीसुद्धा त्याची अंदाजी सूत्रंच दिली, फक्त ती भन्नाट जवळची आहेत. त्यामुळे नवव्या शतकात ३ टक्क्यांपर्यंत पोचणं ही मोठीच गोष्ट.

आता क्षेत्रफळ. महावीराचार्य म्हणतात, परिघाला रुंदीच्या चौथ्या भागानं गुणा. १२ चा चौथा भाग ३. व्यावहारिक उत्तर ८४ गुणिले ३, म्हणजे २५२. सूक्ष्म उत्तर ७७.८ गुणिले ३, म्हणजे साधारण २३३.

खरं उत्तर? ३३९.

इथे थांबा जरा. ३३९ ऐवजी २३३. ३१ टक्के कमी. शेतीच्या भाषेत सांगायचं तर दहा एकरातले तीन एकर गायब. आणि बघा, 'सूक्ष्म' उत्तर 'व्यावहारिक' उत्तरापेक्षा खऱ्यापासून अजूनच लांब गेलंय.

ही चूक पकडायला मोठं गणित लागत नाही. लंबवर्तुळाच्या चार टोकांना जोडून आत एक समभुज चौकोन काढा, पतंगासारखा. त्याचं क्षेत्रफळ ३६ गुणिले १२ भागिले २, म्हणजे २१६. आता लंबवर्तुळ त्या पतंगाच्या चारही बाजूंनी चांगलं फुगलेलं आहे. तो सगळा फुगवटा मिळून फक्त १७ कसा असेल? आकार अजून चिंचोळा करा, लांबी १०० आणि रुंदी २. पतंगाचं क्षेत्रफळ १००. महावीराचार्यांच्या नियमानं लंबवर्तुळाचं क्षेत्रफळ १००.०३. फुगवटा जवळजवळ शून्य! खरं उत्तर १५७ आहे.

इतक्या हुशार माणसाकडून असं का झालं?

मला या भागातला खरा प्रश्न हाच वाटतो. आकडेमोड चुकली असं नाहीये, वर्गमूळ नीट काढलंय. मग घसरलं कुठे?

त्यांच्या नियमात लांबी आणि रुंदी सारखी घालून बघा. म्हणजे लंबवर्तुळाचं साधं वर्तुळ होईल. व्यावहारिक परीघ येतो व्यासाच्या ३ पट. सूक्ष्म परीघ येतो व्यासाच्या √१० पट, म्हणजे ३.१६ पट. त्या काळच्या जैन गणितात वर्तुळासाठी हेच दोन आकडे चालायचे. आणि क्षेत्रफळ? परीघ गुणिले व्यासाचा चौथा भाग. वर्तुळासाठी हा नियम शंभर टक्के बरोबर आहे. म्हणजे वर्तुळाची कसोटी त्यांचे नियम व्यवस्थित पास होतात. पण एक कसोटी पास झाली म्हणजे नियम खरा ठरत नाही. वर्तुळाचा नियम लांबवलेल्या वर्तुळाला तसाच लावला आणि तिथे तो मोडला.

परिघाच्या नियमात अजून एक धागा दिसतो. जैन परंपरेत धनुष्याच्या आकाराचं गणित फार जुनं. त्यांच्या विश्वरचनेत भरतक्षेत्र धनुष्याच्या आकाराचं मानलेलं, त्यामुळे धनुष्याची दोरी आणि मधला बाण माहीत असेल तर कमानीची लांबी किती, हा नियम त्यांच्याकडे तयार होता: बाणाच्या वर्गाची ६ पट, अधिक दोरीचा वर्ग, मग वर्गमूळ. आता ३६ लांबीची दोरी आणि ६ लांबीचा बाण घ्या, अशी दोन धनुष्यं समोरासमोर जोडा, दोन्ही कमानींची बेरीज करा. उत्तर येतं ७७.८. महावीराचार्यांचंच उत्तर, तंतोतंत. लंबवर्तुळ म्हणजे जोडलेली दोन धनुष्यं, असा विचार यामागे असावा असं मला वाटतं.

पण दोन धनुष्यं जोडली की टोकं अणकुचीदार होतात, बदामासारखी. लंबवर्तुळाची टोकं गोल असतात. डोळ्याला दोन्ही आकार सारखेच वाटतात. नेमका फरक काय, हे सांगायला आकाराची व्याख्या लागते. आणि 'लांबवलेलं वर्तुळ' हे वर्णन आहे, व्याख्या नाही. लांबवलं म्हणजे नेमकं कसं लांबवलं? ते ठरल्याशिवाय क्षेत्रफळाचा नियम तपासणार कशावरून?

आता गाजर घ्या

ही व्याख्या जगात दुसरीकडे आधीच सापडली होती. तीही अगदी विचित्र जागी, शंकूच्या पोटात.

निमुळतं गाजर घ्या. सरळ आडवं कापा, चकती गोल. थोडी सुरी तिरकी करून आरपार कापा, चकती लांबट गोल. हेच लंबवर्तुळ. अजून तिरकी करा, इतकी की सुरी गाजराच्या पलीकडच्या बाजूला समांतर जाईल. आता काप बंदच होत नाही, एका बाजूनं उघडा राहतो. गाजर अनंत लांब असतं तर तो काप पसरतच गेला असता. या वक्राला मराठीत अन्वस्त म्हणतात. त्याहूनही उभी सुरी धरली तर येतो अपास्त.

गाजर वाया घालवायचं नसेल तर टॉर्च चालेल. मोबाइलच्या टॉर्चवर पुठ्ठ्याची नळी धरा. उजेडाचा शंकू तयार होतो आणि भिंत ही तुमची सुरी. सरळ धरला तर वर्तुळ, कलवला तर लंबवर्तुळ, अजून कलवला तर उजेड भिंतीवर लांबच लांब पसरतो. लाइट गेल्यावर करून बघा, आमच्या भागात संधी भरपूर मिळते.

या वक्रांना एकत्र म्हणतात शंकुच्छेद. ग्रीक गणिती मेनेक्मस यानं साधारण इ.स.पू. ३५० च्या सुमारास हे वक्र वापरले. कशासाठी? दिलेल्या घनाच्या दुप्पट घनफळाचा घन कसा बनवायचा, या कोड्यासाठी. पुढे दीडएकशे वर्षांनी अपोलोनियस यानं या विषयावर ८ खंड लिहिले. त्यानं दाखवलं की वेगवेगळे शंकू नकोत, एकच शंकू पुरतो, फक्त कापायचा कल बदला.

पण कापून आकार मिळाला, एवढ्यात विशेष काय? आकार तर आपल्या जवाच्या दाण्यातही होता. विशेष हे की कापल्यामुळे नियम मिळाला. शंकू सरळ रेषांचा बनलेला असतो, सुरीची पातळी सपाट असते. दोन्हींचं गणित माहीत. त्यामुळे कापाच्या कडेवरचा प्रत्येक बिंदू कुठे असणार, हे सिद्ध करता येतं. त्यातून पुढे गुणधर्म निघतात. उदाहरणार्थ, दोन खिळे ठोका, त्यांना सैल दोरा बांधा, पेन्सिलनं दोरा ताणून फिरवा. जे उमटतं ते लंबवर्तुळ, कारण त्याच्यावरच्या कुठल्याही बिंदूपासून दोन खिळ्यांपर्यंतच्या अंतरांची बेरीज कायम सारखी असते. दोन धनुष्यं जोडून केलेल्या बदामाला हा नियम लागू होत नाही. फरक सापडला!

क्षेत्रफळसुद्धा सुटतं. लंबवर्तुळ म्हणजे एकाच दिशेनं सगळीकडे सारख्या पटीत ताणलेलं वर्तुळ. १२ व्यासाचं वर्तुळ रबरावर काढा. क्षेत्रफळ ११३. आता रबर एका दिशेनं तिप्पट ताणा. वर्तुळाची प्रत्येक बारीक पट्टी तिप्पट लांब झाली, रुंदी तीच. मग क्षेत्रफळही तिप्पट, ३३९. झालं. आर्किमिडीजनं हा नियम अपोलोनियसच्याही आधी सिद्ध केला होता. महावीराचार्यांनी हा एक विचार केला असता तर त्यांच्याच √१० नं उत्तर आलं असतं ३४१.५. खऱ्या उत्तराला अगदी चिकटून.

आपल्याकडे शंकू कुणी कापलाच नाही का?

कापला होता! आणि इथे गोष्ट पुन्हा वऱ्हाडात येते.

राष्ट्रकूटांच्याच काळात, नवव्या शतकात, वीरसेनाचार्य नावाचे जैन विद्वान होऊन गेले. त्यांनी 'षट्खंडागम' ग्रंथावर 'धवला' नावाची प्रचंड टीका लिहिली. ही टीका १९३९ पासून खंडाखंडानं छापली गेली ती अमरावतीहून, त्याच प्राध्यापक हिरालाल जैन यांच्या संपादनाखाली. तिच्यात एके ठिकाणी वरचा भाग कापलेल्या शंकूचं घनफळ काढलंय. विश्वाचा आकार कसा, या चर्चेत हा विषय येतो. वीरसेन काय करतात? मधला नळीसारखा भाग काढतात. उरलेलं कवच उभं चिरतात, पसरवतात, त्याचे तुकडे करतात, त्या तुकड्यांचे पुन्हा तुकडे, आणि हे न संपणारं काम एका बेरजेत बसवतात. डोकं चक्रावतं वाचताना.

म्हणजे सुरी होती, शंकू होता, धारदार बुद्धी होती. पण त्यांना हवं होतं घनफळ. म्हणून शंकू कापला तो तुकडे मोजायला. कापाच्या कडेवर कुठला वक्र उमटला, हा प्रश्न तिथे नव्हता. ग्रीकांनी नेमका तोच विचारला. ज्याला जे हवं असतं त्याला ते दिसतं, एवढाच फरक. कोण हुशार आणि कोण कमी, हा मुद्दाच नाही.

बगदादची पोथी आणि कोकणचा समुद्र

आता मला या सगळ्यात सर्वात जास्त चटका लावणारी गोष्ट.

महावीराचार्य लिहीत होते त्याच शतकात बगदादमध्ये तीन भाऊ होते, बनू मुसा, म्हणजे मुसाची मुलं. त्यांनी अपोलोनियसच्या ग्रंथाचं अरबी भाषांतर करवून घेतलं. पहिले ४ खंड हिलाल अल-हिम्सी यानं केले, पुढचे ३ साबित इब्न कुर्रा यानं. आठवा तोवर हरवलेलाच होता. आणि बघा, पाचवा ते सातवा हे खंड पुढे मूळ ग्रीकमधून नष्ट झाले. आज जगाकडे ते आहेत ते फक्त या अरबी भाषांतरामुळे. बगदादच्या नकलकारांनी ते केलं नसतं तर ते कायमचे गेले असते.

मग बगदाद आणि राष्ट्रकूट यांचा संबंध नव्हता का? होता की! इ.स. ८५१ च्या एका अरबी प्रवासवर्णनात जगातल्या चार थोर राजांमध्ये 'बल्हरा' हे नाव येतं. बल्हरा म्हणजे वल्लभराज, राष्ट्रकूटांची पदवी. अरब व्यापारी कोकणच्या बंदरांत येत-जात होते. पुढच्या शतकात मसऊदी हा प्रसिद्ध लेखक स्वतः चौलला येऊन गेला, आपल्या रायगड जिल्ह्यातल्या चौलला. आणि इकडून तिकडे गणित आधीच गेलं होतं. भारतीय अंक आणि ब्रह्मगुप्तांचं खगोलगणित बगदादला पोचलं होतं. अल-ख्वारिझ्मीनं भारतीय पद्धतीच्या आकडेमोडीवर पुस्तक लिहिलं ते याच शतकात.

म्हणजे जहाजं होती, वारा होता, ओळख होती. माल जात होता, अंक गेले. पण शंकुच्छेदांची पोथी आपल्या गणितींच्या हाती आलेली दिसत नाही. आली असती तर? इतिहासात 'असती तर'ला उत्तर नसतं. पण एवढं नक्की की ३६ बाय १२ च्या त्या उदाहरणाचं बरोबर उत्तर त्याच काळात एका समुद्रापलीकडे सापडणं शक्य होतं.

रिकामपणचा उद्योग कामाला आला

अपोलोनियसला या वक्रांचा व्यवहारात फारसा उपयोग दिसत नव्हता. उपयोग झाला अठराशे वर्षांनी. १६०९ साली केप्लरनं जाहीर केलं की मंगळ सूर्याभोवती लंबवर्तुळात फिरतो. पुढे न्यूटननं त्यामागचं कारण दाखवलं. १७१० साली एडमंड हॅली यानं अपोलोनियसची ग्रीक आणि लॅटिन आवृत्ती काढली, त्यात ते तीन खंड अरबीवरूनच आणले. हा तोच हॅली, ज्यानं धूमकेतूची लंबवर्तुळाकार कक्षा मांडून तो परत येणार असं सांगितलं, आणि त्याच्या मृत्यूनंतर १७५८ साली धूमकेतू खरंच दिसला.

मराठीत हा हिशेब आणणाऱ्यांत मोठं नाव केरो लक्ष्मण छत्रे, म्हणजे केरुनाना, टिळकांचे गुरू. त्यांची 'ग्रहसाधनाची कोष्टके' १८६० ची. युरोपीय खगोलशास्त्रावर आधारलेली ही कोष्टकं पंचांगाच्या गणितासाठी होती. घरातल्या भिंतीवरच्या कॅलेंडरात ग्रहणाची वेळ मिनिटापर्यंत बरोबर येते ना, त्यामागे कक्षांचं हेच गणित आहे.

आणि आज बघायचं असेल तर पुणे जिल्ह्यात नारायणगावजवळ खोडदला जा. तिथे जीएमआरटी ही महाकाय रेडिओ दुर्बीण आहे. गोविंद स्वरूप यांच्या कल्पनेतून उभी राहिलेली. प्रत्येकी ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्या. तबकडी उभी कापली तर काठाला जो वक्र दिसेल तो अन्वस्त, आपल्या गाजराचा तिसरा काप. आकाशातून समांतर येणाऱ्या लहरी अन्वस्तावर आपटून एकाच बिंदूत गोळा होतात. 'साधारण वाडग्यासारखा' आकार तिथे चालत नाही. नियमच लागतो.

फॉरवर्ड आला तर काय करायचं?

आता मुद्द्याचं. मला माहीत आहे, हा भाग ऐकून कुणीतरी दोन ओळींचा मेसेज बनवणार: 'लंबवर्तुळाचं गणित भारतात ११०० वर्षांपूर्वीच होतं!' आणि दुसरा कुणीतरी उलटा: 'आपल्या लोकांचं उत्तर ३१ टक्के चुकलेलं!' दोन्ही मेसेज खरे आहेत आणि दोन्ही निरुपयोगी. पहिल्यानं पोथी उघडली नाही, दुसऱ्यानं परीघ बघितला नाही.

महावीराचार्यांनी उदाहरण आकड्यांसकट लिहून ठेवलं, नियम शब्दाशब्दानं सांगितला. म्हणूनच साडेअकराशे वर्षांनी आपण तो तपासू शकतो. नुसतं 'आम्हाला सगळं माहीत होतं' असं म्हणणाऱ्याची चूक कधी सापडत नाही, कारण तपासायला तो काही ठेवतच नाही. माझ्या मते पोथीला नमस्कार करायची एक पद्धत हीही आहे: तिच्यातलं गणित सोडवायचं.

आणि ते सोडवायला पोथी आधी टिकावी लागते. अपोलोनियसचे तीन खंड बगदादमुळे वाचले. महावीराचार्यांचा ग्रंथ ज्या हस्तलिखितांमुळे वाचला, ती कुणीतरी वाळवीपासून, पावसापासून, दुर्लक्षापासून जपली. १९१२ साली मद्रासला एम. रंगाचार्य यांनी तो इंग्रजी भाषांतरासह छापला. १९६३ साली सोलापूरच्या जीवराज जैन ग्रंथमालेतून लक्ष्मीचंद्र जैन यांच्या हिंदी अनुवादासह आला. जुन्या नकला करणाऱ्यांपैकी कितीजणांना त्यातलं गणित कळत असेल कोण जाणे, पण ३६ आणि १२ हे आकडे त्यांनी बदलले नाहीत, नियमातला एक शब्द हलवला नाही. त्यांनी आपल्या हुशारीनं 'दुरुस्ती' केली असती तर आज महावीराचार्य कुठे पोचले आणि कुठे अडले, हे आपल्याला कळलंच नसतं.

तुमच्या गावात, तुमच्या घरात, माळ्यावर लाल फडक्यात बांधलेलं काही असेल तर फेकू नका. वाचता आलं नाही तरी मोबाइलनं पानापानाचा फोटो काढून ठेवा, क्रमानं, दोन्ही बाजूंचा. वाचणारा नंतर येतो.

तोवर घरचा अभ्यास: लांबी ५०, रुंदी ३० चं लंबवर्तुळ. महावीराचार्यांच्या सूक्ष्म नियमानं परीघ आणि क्षेत्रफळ काढा. मग रबराची युक्ती वापरून खरं क्षेत्रफळ काढा. चूक ३१ टक्क्यांहून कमी येते की जास्त, आणि का, ते मला कळवा. चांगली उत्तरं पुढच्या भागात वाचून दाखवीन.

भेटू मंडळी. गाजर खाऊन टाका, वाया घालवू नका!